ताईचं खळं

लुओयांगच्या फावड्यानं शिंग बाओतिएननं चाळीस वर्षं जमिनीच्या पोटातली माती वर काढली होती. फावडं म्हणजे लांब दांड्याला अर्धगोल पातं. जमिनीत आपटायचं, पिळायचं, वर ओढायचं, आलेली माती वाचायची. पण या गावात प्राचीन वस्तीची, थरांवर थर माती ठोकून बांधलेली तटबंदी बारा दिवस झाले तरी सापडेना. आज नाही सापडली तर पथक उद्या गाशा गुंडाळणार आणि बाओतिएन कायमचा घरी बसणार. घरी बसणं त्याला मुळीच नको होतं.

म्हणून सकाळी हातभर खोलीवर कडक माती लागताच तो पुढे खणायचा थांबला आणि गर्जला, "ठोकलेली माती! तट लागला!"

पथकप्रमुख निएबाई धावत आल्या. फोटो निघाले, फोन गेले.

तेवढ्यात वाफाळत्या पावांची टोपली घेऊन त्याची थोरली बहीण आली. तिला याच गावात दिलेली.

"अरे बाओतिएन, हे तर आमचं खळं, पुराच्या गाळात गेलेलं. लग्नाच्या वर्षी मीच धुमसानं ठोकलंय, हाताला फोड येईपर्यंत. तू इथंच तर गव्हाच्या भाऱ्यांवर नाचायचास."

पथकातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. चाळीस वर्षांचा जाणकार, आणि बहिणीचं खळं ओळखता येईना! बाओतिएनचे कान लाल झाले.

"काका, घाई केलीत," निएबाई हळूच म्हणाल्या. "आवरू या आता."

"पण ताई, एवढं रान सोडून खळं इथंच का केलंत?" टोपलीतला पाव तोडत त्यानं चिडून विचारलं.

"इथं गहू आधीपासून बुटकाच यायचा. सासरे म्हणाले, पिकत नाही तर खळ्याला घ्या."

बाओतिएनच्या तोंडातला घास तिथंच राहिला. गव्हाच्या मुळांना खाली काय आडवं येत होतं? खळं तर नंतरचं.

टोपली बाजूला सारून त्यानं त्याच भोकात फावडं पुन्हा घातलं. खळं संपलं. नदीचा पिवळा गाळ लागला. आणि अडीच हातांवर पातं अडलं. वर आली ती तपकिरी माती, पदर सुटलेल्या पोळीसारखी थरांवर थर. पदरावर ठोकल्याचे वाटोळे खळगे.

या वेळी तो ओरडला नाही. ढेकूळ बहिणीच्या हातावर ठेवलं.

"ताई, नीट बघून सांग. हे तुझंच का?"

तिनं ते उलटसुलट केलं, खळग्यात अंगठा घालून पाहिला.

"नाही बाबा. हे माझं नाही. माझ्या सासूचंही नाही."

निएबाईंनी फोन काढला आणि उद्या सामान न्यायला ट्रक नको म्हणून कळवलं.