अठ्ठ्याण्णव टक्के

सुतारकाका दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचे आणि खुर्चीत टेकायच्या आधीच विचारायचे, "ताई, किती मार्क?"

त्यांच्या छातीत डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडं मोठं मशीन होतं. त्याच्या तारा हृदयाच्या दोन्ही बाजूंना पोचलेल्या. ताई हॉस्पिटलातल्या या तपासणीच्या खोलीतली तंत्रज्ञ. मशीनवर चकती धरली की पडद्यावर आकडा यायचा: शंभरातले किती ठोके मशीनने दिले, त्याचा.

"अठ्ठ्याण्णव."

"नात एक्याण्णवावर नाचतेय," काका काकूंना म्हणायचे. "सांग तिला, आजोबा पुढे आहेत."

मशीन कशाला, हे ताईनेच त्यांना समजावलं होतं. "दोन माणसांची करवत असते ना काका, तशा तुमच्या हृदयाच्या दोन भिंती. एक आधी ओढते, दुसरी मागून. करवत अडकते, रक्त पुढे सरकत नाही. वरचे कप्पे तर नुसते थरथरतायत, वाटेल तेव्हा खाली निरोप धाडतात. मशीन दोन्ही भिंतींना एकदम हाक देईल."

"म्हणजे मुकादम," काका म्हणाले होते. त्यांना तेवढं पुरलं.

पण वर्षभरात काका खचत गेले. आधी जिन्यात अर्ध्यावर थांबायला लागले, मग दाढी स्टुलावर बसून, मग झोपायला तीन उशा. दर वेळी ताई पडद्याकडे बघून म्हणायची, "मशीन उत्तम चाललंय. मीठ कमी करा." चौथ्या खेपेला काकू बूट न चढणारी त्यांची पावलं दाखवत म्हणाल्या, "मार्क अठ्ठ्याण्णव आणि मुलगा नापास. कसली हो शाळा ही तुमची?"

ताई हसली. घरी जाताना मात्र तिला ते हसू टोचायला लागलं. दुसऱ्या दिवशी तिने काकांना बोलावून दिवसभराचा ईसीजी लावला आणि ती पट्टी एकेक ठोका करून वाचायला बसली.

मशीनच्या ठोक्याचा आकार वेगळा, हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याचा वेगळा. इथे निम्म्याच्या आसपास ठोके धड हे नव्हते, धड ते नव्हते. वरचा वेडावाकडा निरोप आधीच पोचलेला, हृदय हललेलं, आणि मागून मशीनची हाक. मशीनने तो ठोकाही आपल्याच नावावर मांडलेला. मशीनचे खरे ठोके भरले चोपन्न टक्के.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि बराच वेळ चष्मा पुसला. "वरून खाली निरोप येतो ती वाट जाळून टाकू. मग मशीनशिवाय हाक द्यायला कोणी उरणार नाही. मागच्या वर्षाचा विषय मात्र त्यांच्याजवळ काढू नकोस. अशी पट्टी मीही मागितली नव्हती."

ताई बाहेर आली. बाकावर काका धाप आवरत बसले होते. वाट जाळण्याचं तिने सांगितलं. त्यानंतर स्वतःचा ठोका बहुधा राहणार नाही, हेही सांगितलं. ती उठणार होती, पण उठली नाही.

"काका, करवतीवर दुसरा माणूस नुसता हात ठेवून असेल तर? हात पुढेमागे होतो, जोर नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दोघं ओढतायत. मी लांबून मोजत होते. वर्षभर."

"असा एक होता माझ्याकडे," काका हळू म्हणाले. "चार दिवसांत ओळखला मी त्याला. करवत एका अंगाला जायला लागते."

"मला कळलं नाही."

"मी सांगत होते की दर वेळी, पाय सुजतात म्हणून," काकू म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

"जाळा," काका म्हणाले. "मुकादम तरी एकच राहू दे."

वाट जाळून झाल्यावर ताईने नियमाप्रमाणे मशीनचा वेग क्षणभर उतरवला, खाली स्वतःचा ठोका उरलाय का ते बघायला. पडद्यावर सरळ रेघ धावली. काकांचे डोळे फिरायला लागले तसा तिने घाईने वेग वर घेतला. आता काका पूर्णपणे त्या डबीच्या हवाली होते.

तीन महिन्यांनी ते चाकांच्या खुर्चीतून आले. हृदय आणखी पसरलं होतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"शंभर. या वेळी पट्टी बघून सांगतेय."

"करवत सरळ चालतेय हो आता," काका म्हणाले. "लाकूड आतून गेलंय." मग काकूंना म्हणाले, "नातीला या वेळी मार्कांचं काही सांगू नकोस."

पुढच्या तपासणीच्या तारखेला काकू एकट्याच आल्या. फाइल टेबलावर ठेवली, ताईने पुढे केलेली खुर्ची घेतली नाही, आणि गेल्या.

बाहेर पुढचा पेशंट थांबला होता, बसचा जुना कंडक्टर. ताईने चकती धरली. सत्त्याण्णव.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

ताईने पडदा आपल्याकडे वळवून घेतला. "ते नंतर बघू. जिना किती पायऱ्यांचा आहे तुमचा? कितव्या पायरीवर थांबता?"