आप्पांनी काढून टाकलेला पाहुणा

चुडामण आप्पांच्या पथारीवर, म्हणजे ओल्या लाल मिरच्या वाळत घालतात त्या उघड्या मैदानावर, उद्यापासून गाड्या लागणार होत्या. कुणाचा माल आला, कुठे पसरला, किती वाळला हे यंदा कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरलं आणि ते काम आपसूक सूनबाईंच्या गळ्यात पडलं. काजल लग्नाआधी शहाद्याला कॉम्प्युटर शिकवायची. पण या घरात कशाला आपणहून हात लावावा आणि कशाला लावू नये, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

सकाळी तिने सर्व्हर बसवला. सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं कुणाच्या नावाने करायचं, असं तिने विचारलं, तर नवरा भूपेश म्हणाला, हे काय विचारणं झालं, आप्पांच्या. बरोबरच होतं. या घरात आप्पांच्या आधी नारळसुद्धा कुणी फोडत नाही. काजलने मुख्य खातं आप्पांना दिलं, स्वतःला नोंदी करण्यापुरतं छोटंसं ठेवलं आणि भाकरी थापायला आत गेली. सासऱ्याच्या वर सून जाऊन बसली, असं तिला कुणाकडून ऐकायचं नव्हतं.

ती परत आली तोवर सर्व्हर बंद पडला होता आणि समोर आप्पा मोठं काम उरकल्याच्या समाधानात बसले होते. त्यांनी खात्यांची यादी उघडून पाहिली होती. भूपेश ओळखीचा, काजल ओळखीची, पण एक नाव भलतंच. पथारीच्या फाटकात अनोळखी माणूस दिसला की कुणाकडचा ते विचारल्याशिवाय आप्पा त्याला पाऊल टाकू देत नाहीत, आणि हा तर थेट आत येऊन बसलेला.

"ना घरना, ना गावना," आप्पा म्हणाले. "मी त्याले काढी टाकं."

ते खातं सर्व्हरने स्वतःच्याच कामासाठी केलेलं होतं. काजलला हसूही आलं आणि रडूही. आता सगळं पुन्हा बसवायचं, आणि मुख्य खातं पुन्हा आप्पांकडे गेलं तर उद्या गाड्या दारात असताना पुन्हा हेच व्हायचं. पण हे सासऱ्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? मान खाली घालून ती एवढंच बोलली, की आप्पा, तो पाहुणा नव्हता, सगळा कारभार तोच चालवत होता.

आप्पांनी उठून तिला जागा करून दिली. सर्व्हर पुन्हा बसला आणि मुख्य खात्यासाठी नाव मागू लागला. काजल आप्पांचं नाव टाकायला लागली, तसं त्यांनी तिला थांबवलं.

"आठे तुन्हं नाव टाक, पोरी. मले निस्तं देखाना हक ऱ्हाऊ दे."

स्वतःचं नाव टाकायला काजलला इतका वेळ कधी लागला नव्हता. डोळ्यांत पाणी आल्यामुळे अक्षरंच दिसेनात. सासू प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या.

"मन्ही सासूनी मले कोठीनी चावी दिन्ही, तवय भूपेश शाळामा जाये," त्या म्हणाल्या आणि पहिला कप त्यांनी सुनेपुढे ठेवला.

आप्पांनी मुकाट्याने दुसरा घेतला.