न आलेल्या मुलीचा सोबती

“खाली चौघं बसलीत,” बाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या. “नवरा-बायको, एक मुलगी, एक मुलगा. अंगातले कोटसुद्धा काढले नाहीत त्यांनी अजून.”

लिफ्टवाला शर्टाची घडी घालत होता. ती विस्कटली, त्याने पुन्हा घातली. चर्चच्या सभागृहावरच्या या खोलीत चार पलंग होते आणि गेले अकरा महिने त्यांतल्या एकावरच माणूस झोपत होता.

चूक त्याचीच होती. आपला देश सोडून येणाऱ्यांना हे चर्च आसरा देई. त्याआधी एक अर्ज भरून घेई. ‘कुटुंबात माणसे किती?’ या प्रश्नापुढे त्याने ‘चार’ लिहिले होते. बायको आणि दोन्ही मुले यांची परवानगी अडकली आहे, मी एकटाच येतो आहे, हे लिहायला त्या अर्जात जागा नव्हती. जागा असती तरी त्याच्या हातून ते लिहून झाले असते का, कोण जाणे.

येणाऱ्या प्रत्येक माणसाला मंडळीतला एक सोबती नेमून देण्याची इथे रीत होती. कचेरीत, दवाखान्यात, शाळेत, पहिले वर्षभर त्याने बरोबर जायचे. म्हणून तो आला त्या दिवशी, त्याच्यासाठी नेमलेल्या या बाई धरून, स्टेशनवर चार सोबती उभे होते आणि गाडीतून उतरला एकच माणूस. त्याच्या मुलीसाठी नेमलेले निवृत्त पोस्टमन त्याच्या खांद्यावरून डब्यात डोकावत राहिले होते. “बाकीची मंडळी मागे राहिली का?” असे त्यांनी विचारले होते.

उरलेल्या दोन सोबत्यांना पुढे दुसरी माणसे मिळाली. पोस्टमनकाकांनी मात्र दुसरे कुणी घेतले नाही. ‘लिफ्टवाला’ हे नावही त्यांनीच ठेवलेले. तिकडे त्याने उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. इथे तो लाँड्रीत इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करी. दर रविवारी प्रार्थना संपली की काका त्याला गाठत.

“काय रे लिफ्टवाल्या, आमची पोर कुठवर आली?”

“कागदावरच आहे, काका.”

“कागद मी जन्मभर वाटलेत. उशिरा येतात मेले, पण येतात.”

गेल्या मंगळवारी कागद आला होता. कचेरीची भाषा त्याला नीट कळत नसे, म्हणून बाईंनीच तो वाचून दाखवला. परवानगीला आणखी दीड वर्ष.

“तुम्हाला विचारल्याशिवाय ही खोली त्यांना द्यायची नाही, असं फादर म्हणालेत,” बाई आता सांगत होत्या. “नाही म्हणालात तरी चालेल. मी माझ्याकडे करीन काहीतरी.”

“तुमच्याकडे कुठली जागा, बाई? तुमची मांजरंच पुरून उरतात.”

बाई हसल्या आणि मग उगाचच चष्मा पुसत राहिल्या.

त्याने बायकोला फोन लावला.

“अहो, यात विचारायचं काय?” ती म्हणाली. “पलंग दिले म्हणून आमची यायची वाट बंद होते का?”

“नाही.”

“मग? मुलगी केवढी आहे त्यांची?”

“आपल्या पोरीएवढीच.”



“खिडकीकडचा द्या तिला. आपलीला तोच कबूल केला होतात ना तुम्ही.”

संध्याकाळपर्यंत तो गायकवृंदाचे झगे टांगलेल्या लहान खोलीत राहायला गेला. ते पांढरे झगे वाऱ्याने हलत, आणि कुणीतरी निघायच्या तयारीत उभे आहे असे त्याला वाटत राही.

रविवारी पोस्टमनकाका फुरंगटून एकटेच मागच्या बाकावर बसले होते.

“बाई म्हणतात, उद्यापासून त्या नव्या पोरीला शाळेत न्या. मी साफ नाही म्हटलं. एकीच्या नावाचं पत्र दुसरीच्या घरी टाकायला मी काय काल कामाला लागलो?”

“माझी यायला दीड वर्ष आहे, काका.”

“थांबेन की.”

“थांबा ना. थांबू नका कोण म्हणतंय?”

“बहात्तराचा आहे मी. टिकेन का, तेच मनात आहे ना तुझ्या? बोल सरळ.”

“तसं नाही हो.” तो त्यांच्या शेजारी टेकला. पुढचे शब्द त्याला दुसऱ्याच्या भाषेत जुळवावे लागत होते, आणि आपल्या भाषेतही ते सोपे नव्हते. “ती उद्या पहिल्यांदा शाळेत जाणार. तिची भाषा तिथे कुणालाच येत नाही. फाटकापाशी ओळखीचं एक तोंड हवं तिला. माझी आली की तिलाही न्या. दोघींना न्या.”

“हे तू सांगतोयस?”

“मीच सांगतोय.”

काकांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरले आणि “शाळा किती वाजता?” एवढेच विचारले.

सोमवारी लाँड्रीकडे निघालेला तो कोपऱ्यावर थबकला. चर्चच्या फाटकातून काका आणि ती मुलगी बाहेर पडत होती. मुलगी हात देईना. काकांनी आग्रह केला नाही; दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ते चालू लागले. चाळीस वर्षे रस्ते तुडवलेली त्यांची ती लांब ढांग. चार पावलांत मुलगी मागे पडली. काका थांबले. ती शेजारी आल्यावर पुन्हा निघाले ते अगदी लहान लहान पावले टाकत.

ती दोघे वळणाआड जाईपर्यंत तो पाहत होता. मग आपली मुलगी आता केवढे पाऊल टाकत असेल, याचा तो अंदाज घेऊ लागला. त्याने फरशीवर पाय जरा पुढे टाकून पाहिला, मागे घेतला, पुन्हा टाकला. काही केल्या ते माप त्याला जुळेना.