हेडमास्तरची शेपटी

ते १९९४ साल. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं ते वर्ष. मी तेव्हा साठीला टेकले होते. ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून एकतीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वीच घरी बसले होते. हे भूमापन कचेरीत नकाशे काढायचे. घरीसुद्धा मला नावाने हाक मारायचे नाहीत, ‘सिस्टर’ म्हणायचे. आधी थट्टेने, मग सवयीने.

झोपायच्या खोलीत, खिडकीपासून लांबच्या भिंतीला त्यांची माशांची टाकी होती. चार फूट लांब, आत नुसतं रान. दगडांच्या आडून वर चढणारी लांब पातींची झाडं, लाकडाच्या ओंडक्यावर शेवाळ, पुढे बुटकी हिरवळ. कुठलं झाड कुठे लावलंय त्याचा त्यांनी कचेरीतल्यासारखा नकाशा काढून टाकीच्या बाजूला चिकटवला होता, उत्तर दिशेच्या बाणासकट. आत पंधराएक लहान निळे-लाल मासे, तळ चाटत फिरणारे तीन मिशाळ, आणि सगळ्यांत मोठा एक चपटा, पट्ट्यांचा एंजल मासा. त्याला आमची मुलगी हेडमास्तर म्हणायची, कारण तो वर्गातून फेरी मारल्यासारखा फिरायचा. त्याच्या शेपटीचं खालचं टोक लहानपणी कुठल्याशा माशाने तोडलेलं होतं, ते परत वाढलंच नव्हतं.

हे नऊ वर्षं ती टाकी सांभाळत होते आणि त्या नऊ वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. माझं त्या पाण्याशी कधी पटलंच नाही. “तुमच्या त्या डबक्यात काय काय वळवळत असेल,” मी म्हणायची. ते म्हणायचे, “सिस्टर, जे वळवळतंय त्याच्यावरच तर चाललंय.” मला वाटायचं, माशांबद्दल बोलताहेत.

ऑपरेशनला जायच्या दिवशी बॅग भरून झाल्यावर ते टाकीसमोर उभे राहिले. म्हणाले, “चिमूटभर खाणं, दिवसातून एकदा. बाकी काही करू नकोस. नुसतं बघ.”

“बघेन.”

“नुसतं बघणं तुला जमत नाही, म्हणून सांगतोय.”

ऑपरेशन चांगलं झालं. अकराव्या दिवशी सर्जन म्हणाले, चार-पाच दिवसांत घरी न्या, मात्र जखमेला जपा. छातीवर वीतभर टाके. मी घरी आले आणि त्या खोलीकडे सिस्टरच्या नजरेने पाहिलं. पडदे धुतले. गादी उन्हात टाकली. फरशी औषधाच्या पाण्याने दोनदा पुसली. आणि मग ती टाकी दिसली. पेशंटच्या पलंगापासून सहा फुटांवर, काचेवर हिरवा थर, गाळणीच्या स्पंजवर तपकिरी बुळबुळीत लेप. माझ्या थिएटरमध्ये असं काही सापडलं असतं तर मी कुणाचीच गय केली नसती.

मासे एका बादलीत काढले. सगळं पाणी ओतून दिलं. खडी नळाखाली खसाखसा घासली. स्पंज पिळला तर काळपट चिखल निघाला, म्हणून तो मोठ्या पातेल्यात घालून वीस मिनिटं उकळला, जसे आम्ही पूर्वी अवजारं उकळायचो तसा. बाहेर काढला तेव्हा तो नव्यासारखा पिवळाधमक होता. झाडं नकाशात बघून जागच्या जागी लावली, नळाचं स्वच्छ पाणी भरलं. टाकी इतकी लख्ख दिसत होती की मी मुलीला मुद्दाम बोलावून दाखवली.

“बाबा खूश होतील,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. मला वाटलं भूक, मी जास्त खाणं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चार निळे-लाल मेलेले होते. हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारलं, “मंडळी कशी आहेत?” मी म्हटलं, “मजेत.” एकतीस वर्षं पेशंटांशी चेहरा न हलवता बोलायची सवय होती. ती अशी उपयोगी पडली.

मी आणि मुलगी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार जाडजूड, कायम ओल्या बाह्यांचा माणूस.

“स्पंज कशात धुतला, काकू?”

“उकळला.”

त्याने हातातली जाळी खाली ठेवली. मग हळू म्हणाला, “माशांची घाण पाण्यात विष होते. त्या लेपात जिवाणू असतात, ते ती घाण खातात. तेच टाकीचं मूत्रपिंड म्हणा. तुम्ही ते शिजवलंत.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढी तिची माया. दुकानदाराने स्वतःच्या टाकीतला एक घाणेरडा स्पंज पिशवीत घालून दिला. “हा तुमच्या गाळणीला लावा. खाणं बंद. रोज पाव टाकी पाणी बदला, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. वाचतील ते वाचतील.” जन्मभर मी जे खोलीबाहेर ठेवलं, ते पिशवीत घालून, छातीशी धरून घरी नेलं.

एक मिशाळ वाचला. हेडमास्तर पाचव्या दिवशी गेला, कल्ले लालभडक झालेले, ओंडक्याला टेकून. दुसऱ्या दिवशी ह्यांना सोडणार होते.

मुलगी म्हणाली, “आई, आत्ता बाबांना धक्का नको. तसेच मासे आणू. बरे झाले की मग सांग.”

मी सर्जनचं वाक्य आठवलं, जखमेला जपा. हो म्हटलं. दुकानदार नाखूश होता, एवढ्यात नको म्हणाला, पण शेवटी दोन मिशाळ, थोडे निळे-लाल आणि एक पट्ट्यांचा एंजल दिला. पाणी रोज बदलत राहा म्हणाला.

हे घरी आले, पलंगावर बसले, उशी छातीशी धरून टाकीकडे बघत राहिले. खूप वेळ. नकाशे तपासणारी नजर ती. मी औषधं नीट लावून ठेवायच्या निमित्ताने पाठमोरी उभी होते.

“सिस्टर.”

“काय?”

“हेडमास्तरची शेपटी भरून आली वाटतं.”

माझ्या हातात गोळ्यांची पट्टी होती. “हो,” मी म्हटलं. “आली.”

“बरं झालं,” ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी, जरा ताकद आल्यावर, त्यांनी मला बादली आणायला सांगितली. टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढलं, स्पंज माझ्या हातात दिला. “ह्याच पाण्यात बुचकळायचा. दोनदा पिळायचा, बास. थोडी घाण राहू द्यायची.” मी पिळला. “आणखी हलक्या हाताने,” ते म्हणाले, “जखम पुसतेस तशी.” माझ्याकडे न बघता, काचेतून बघत. तेव्हा सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते इतके शांत दिसत होते, मी म्हटलं पुढच्या वेळी.

दर पंधरवड्याला आम्ही तो स्पंज धुतला, नऊ वेळा. दहाव्या वेळी मी एकटीच होते. त्यांचं हृदय झोपेतच थांबलं.

मुलगी आता दुसऱ्या शहरात शाळा चालवते. तिला खरोखरच हेडमास्तरीण म्हणतात, आणि मासे पाळायला वेळ नाही म्हणते. दुकानदाराने दुकान विकलं, शेवटपर्यंत भेटला की “काकू, काही उकळलंत का?” असं विचारायचा, आणि मला त्याचा राग येत नसे. दुसरा हेडमास्तर सात वर्षं जगला. तो म्हातारा मिशाळ त्याच्या आधी गेला. टाकी मी पुढेही बरीच वर्षं चालवली, गुडघ्यांनी हात टेकेपर्यंत. मग खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना दिली, नकाशासकट.

देताना स्पंज कसा धुवायचा ते दाखवलं. त्यांनी का म्हणून विचारलं, तर मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, एका परक्या बाईला.

“अहो काकू,” त्या म्हणाल्या, “त्यांना तेव्हाच कळलं असणार.”

“हो,” मी म्हटलं. “मला माहीत होतं, त्यांना कळलंय ते. पण मी सांगायला हवं होतं.”