दोन नंबरची ऊब

खोलीत काचेच्या पेट्या सहा होत्या. पाचांत मुदतीआधी जन्मलेली बाळं, चार नंबरची रिकामी. परिचारिका दोन, भिंतीवर पडदा एक आणि त्यावर प्रत्येक बाळाची वेगळी चौकट.

मित्रांनो, मी त्यातल्या एका चौकटीमागचा जुना हूक आहे. हूक म्हणजे प्रोग्रॅमचा छोटासा तुकडा. पेटीतून बाळाच्या तापमानाचे आकडे अखंड वाहत येतात. मी त्या प्रवाहाला जोडून घेतो आणि नवा आकडा आला की चौकटीत मांडतो.

मला एका प्रोग्रॅमर ताईने लिहिलं. माझ्या शेवटी एक कंस असतो. त्यात लिहिलेली गोष्ट बदलली की मी जुना प्रवाह सोडून नवा धरतो. ताईने कंस रिकामा ठेवला. म्हणजे एकदा जोडलं की जन्मभर तेच. चाचणीला पेटीत बाहुली होती. बाहुलीची पेटी कोण कशाला बदलतंय?

पूर्वी पेटीवरचा बारीक आकडा वाचायला वाकावं लागे. "माझी कंबर वाचवलीस गं बाई," सिस्टर ताईला म्हणाली. मीही सुखावलो. पुढे माझी फाइल कुणी उघडलीच नाही.

मग दोन नंबरमध्ये ठमी आली. मूठभर जिवाला हे नाव आईनेच ठेवलेलं. तिथे दारातली हवा लागते म्हणून सिस्टरने तिला चारमध्ये हलवलं आणि पडद्यावरचा क्रमांक बदलला. चौकटीवर चार उमटलं. मी मात्र दोनचाच प्रवाह धरून बसलो. दोनमध्ये नवं बाळ आलं, आणि त्याची ऊब मी ठमीच्या नावावर मांडत राहिलो. चारचा हीटर बिघडला होता. ते मला कळायला वाटच नव्हती.

आईने पेटीत हात घातला. "सिस्टर, हिचे पाय गार का लागतायत?"

"स्क्रीनवर छत्तीस पूर्णांक सात आहे की हो."

"स्क्रीनला पाय नाहीत, सिस्टर. हात लावून बघा ना."

सिस्टर वाकली. पेटीवर चौतीस पूर्णांक नऊ. तिचा चेहराच उतरला. तापमापकाची वायर तशीच ठेवून तिने ठमीला आईच्या उघड्या छातीशी धरलं, वर पांघरूण घातलं. पडद्यावर मी छत्तीस पूर्णांक सात दाखवतच होतो. खोटं बोलतोय हे कळलं, तरी गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं.

सिस्टरच्या फोनवर ताई धावत आली. "अरे देवा, हा अजून दोनलाच चिकटून बसलाय." तिने कंसात पेटीचा क्रमांक लिहिला.

मित्रांनो, आम्हाला एकदा जोडून विसरू नका. कुणाचं ऐकतोयस, एवढं अधूनमधून विचारा. आणि कंबर दुखली तरी वाकून बघा.

ठमी अजून आईच्या छातीशी होती. पेटीवर पस्तीस पूर्णांक आठ. पडद्यावर पस्तीस पूर्णांक आठ.