थंडीतली झळ

माझी बायको नोएलीन माझ्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. गाडी मागे घेताना नाही, ओव्हनमधून केक काढताना नाही आणि रायफलीच्या बाबतीत तर मुळीच नाही. हजार यार्डांवरच्या टारगेटवर गोळी मी झाडतो, पण ती कुठे जायची ते नोएलीन ठरवते. आमच्या क्लबात जोडीची स्पर्धा असते. एकाने झाडायचं आणि दुसऱ्याने त्याच्या उजव्या बाजूला चटईवर पालथं पडून दुर्बिणीतून हवा बघायची. वारा फिरला की बघणाऱ्याचा हात येतो, झाडणाऱ्याच्या रायफलीवरचा नेम सरकवायचा नॉब एक-दोन खटके फिरवतो आणि परत जातो. झाडणाऱ्याने काही विचारायचं नसतं. लग्नाच्या आधीपासून नोएलीनचा हात असा येतो आहे, आणि मी तोंड उघडलं की एकच उत्तर मिळतं, "बेवन, तू गप झाड."

मी गप झाडत आलो. संसारही बराचसा तसाच झाला आणि माझी काही तक्रार नाही.

हवा बघायची म्हणजे काय, तर उन्हात जमिनीवरून हवा थरथरत वर येते, तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसते तशी. आम्ही तिला झळ म्हणतो. दुर्बिणीचा फोकस टारगेटवर नेमका लावायचा नाही, जरा अलीकडे लावायचा. मग टारगेटच्या लाकडी चौकटीच्या कडा वाहताना दिसतात, आणि त्या ज्या बाजूला वाहतात तिकडे वारा चाललेला असतो. नवखी माणसं टारगेट लख्ख दिसलं की खूश होतात आणि मग गोळी शेजाऱ्याच्या टारगेटवर घालतात. नोएलीन उजवा डोळा दुर्बिणीला लावते, डावा उघडा ठेवून मैदानावरच्या झेंड्यांवर नजर ठेवते आणि दोन्हींचा हिशेब मनात घालते. तिच्याइतकी हवा आमच्या ओटागो प्रांतात कुणाला कळत नाही. हे मी नवरा म्हणून सांगत नाही, हवं तर क्लबातल्या मर्व्हला विचारा, आणि मर्व्ह कुणाचं चांगलं बोलत नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात माझ्या गोळ्या भरकटायला लागल्या. आधी थोड्या, मग इतक्या की लोकांनी माझ्यासमोर विनोद करायचं बंद केलं. आमच्याकडे एवढं झालं की माणसाने ओळखायचं. मी रात्रंदिवस माझ्या हातांकडे बघू लागलो. कप धरला की थरथरतो का, सुईत दोरा जातो का. दोरा जात होता, पण सत्तरीच्या माणसाला स्वतःवर संशय घ्यायला निमित्त लागत नाही.

मेंढ्या हिवाळ्याच्या कुरणात उतरवल्या, नेमबाजीचा हंगाम संपला, तेव्हा एका सकाळी मी स्वयंपाकघरात सांगून टाकलं.

"नोल, मी रायफल देऊन टाकतो कुणाला तरी. माझे हात गेले."

ती तव्यावर छोटे गोड डोसे घालत होती, आमच्याकडे चहाबरोबर खातात तसले. उलथनं तसंच धरून ती वळली.

"हात गेले म्हणे! काल छपरावर चढून पन्हळ साफ केलीस तेव्हा कुठे गेले होते?"

"ते वेगळं."

"वेगळं काही नाही. तुझ्या बापाची दुर्बीण खराब झाली आहे. आत बुरशी धरली आहे, मला सगळं गढूळ दिसतं. नवी दुर्बीण घेऊ आणि मग बघू कोण म्हातारं झालंय ते."

"आणि नव्या दुर्बिणीनेही तसंच झालं तर?"

"तर मी स्वतः रायफल उचलून मर्व्हच्या दारात नेऊन ठेवीन. पण त्याआधी नाही. मला चटईवर एकटीला पडायचं नाहीये, बेवन." हे शेवटचं वाक्य ती तव्याकडे बघत बोलली. ती असं काही बोलली की मी चहा ढवळत बसतो.

आमच्यात दुर्बीण दुकानात बघून घेत नाहीत. दुकानात सगळ्याच दुर्बिणी समोरच्या बँकेची पाटी झकास दाखवतात. जुलैमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, क्लबात डागडुजीचा दिवस असतो, सगळे हातोड्या आणि रंग घेऊन टारगेटच्या चौकटी दुरुस्त करायला येतात. ज्याला दुर्बीण घ्यायची असेल त्याने आधी सांगून ठेवायचं. मग बाकीचे आपापल्या दुर्बिणी आणतात, चटयांपुढे तिवयांवर मांडतात, आणि घेणाऱ्याने प्रत्येकीमागे पालथं पडून खुशाल वेळ काढायचा, आणि पटेल तसली नवी मागवायची. मालक शेजारी उभा राहून आपलीच कशी भारी ते सांगतो. घेणाऱ्याने दुर्बिणीत काय दोष दिसतो ते तोंडावर सांगायचं असतं, आणि मालकाने रागवायचं नसतं. रागावतात सगळेच.

त्या दिवशी आभाळ खाली उतरलं होतं. बादलीतलं पाणी गोठलेलं, गवतावर पांढरा थर, आणि मैदानावरचे झेंडे दांड्यांना चिकटून ओल्या टॉवेलांसारखे लोंबत होते. चार दुर्बिणी मांडल्या होत्या. मी म्हटलं, "अशा दिवशी काय कळणार? ना वारा, ना झळ."

"भिंग तर कळेल," नोएलीन म्हणाली आणि कोटाची बटणं लावत मर्व्हच्या दुर्बिणीमागे पालथी पडली.

मर्व्हची दुर्बीण म्हणजे तोफच. साठपट मोठं दाखवते आणि उचलायला दोन माणसं लागतात. मर्व्ह हात बांधून उभा होता, नवरदेवाच्या बापासारखा.

"काय मग? नव्या टारगेटच्या कागदाचं विणकाम दिसलं ना?"

"दिसायला काय, सगळंच मोठं दिसतंय," नोएलीन म्हणाली. "पण मर्व्ह, कड हलतेय. चौकटीची उजवी कड नुसती वळवळतेय. भिंग चांगलं नाही रे."

"माझं भिंग? जपानहून मागवलंय बाई ते!"

"मग जपानला परत पाठव."

सगळे हसले, मीही हसलो. ती दुसऱ्या दुर्बिणीमागे गेली. ती लहान होती, सत्तावीसपट, तिचा डोळा लावायचा भाग वर वाकवलेला, म्हणजे मान न मोडता बघता यावं. "ही अंगाला बरी बसते," नोएलीन म्हणाली. "एका नजरेत तीन टारगेटं येतात. मला अशीच हवी. पण हिच्यातही कड हलतेय." मग जरा थांबून म्हणाली, "अरे, भिंगाचा दोष नाहीये हा. झळ आहे आज. डावीकडून उजवीकडे चांगली जोरात वाहतेय. बेवन, बघ तरी, आणि तू म्हणत होतास आज काही दिसणार नाही!"

तिचा आवाज खुलला होता. खूप दिवसांनी तिला हवा दिसली होती. मी तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि डोळा लावला.

चौकट सरळ होती. फूटपट्टीने आखावी तशी सरळ, आणि तिच्यावर बसलेला पक्षीसुद्धा हलत नव्हता. मी फोकस अलीकडे घेतला, आणखी अलीकडे घेतला. हवेत काही नव्हतं.

मी वर बघितलं. झेंडे लोंबतच होते. मर्व्ह माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलेलं होतं.

"दिसली ना?" नोएलीनने विचारलं.

मी परत डोळा लावला. तेवढ्यात मर्व्ह, ज्याने जन्मात कुणाला एक गुण सोडला नाही तो मर्व्ह, खाकरून म्हणाला, "असते कधीकधी थंडीतही. मलाही मघाशी जरा हलल्यासारखं वाटलं."

नोएलीनने त्याच्याकडे पाहिलं. "मर्व्ह, तू गोड कधीपासून बोलायला लागलास?"

मर्व्ह बूट बघत उभा राहिला. नोएलीनने मान वळवून झेंडे पाहिले. तिने ते आधीही पाहिले असणार, पण झळीपुढे ती झेंड्यांचं फारसं ऐकत नाही. आता ती बराच वेळ बघत राहिली.

"नोल," मी म्हटलं, "डाव्या डोळ्याने बघ."

"माझा डावा झेंड्यांचा आहे."

"आज झेंड्यांना काही काम नाही. बघ ना, राणी."

राणी मी तिला चारचौघांत म्हणत नाही. ती एरवी चिडली असती. त्या दिवशी तिने मुकाट्याने कूस बदलली आणि डावा डोळा लावला. मग उजवा लावला, मग पुन्हा डावा. तिच्या श्वासाची वाफ भिंगावर धरली, ती तिने बाहीने पुसली आणि परत उजवा लावला. मी चटईवर तिच्या शेजारी आडवा झालो. थंडी कोटातून आत आली, पण उठावंसं वाटेना.

"बेवन, आज झळ नाहीये."

"नाहीये."

"उजव्याने कड वाकडी दिसते. डाव्याने सरळ." ती हे हवा सांगावी तसं सपाट आवाजात सांगत होती. मग तो आवाज तुटला. "मग गेल्या उन्हाळ्यात मी काय बघत होते?"

मला उत्तर ठाऊक होतं आणि तिलाही. दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं झाकून घेतो, म्हणून घरात काही जाणवलं नाही. एकटा उजवा फक्त दुर्बिणीलाच लागायचा. आणि वाकडी वाहणारी कड बघायची तर तिला जन्माची सवय. दुसरी कुणी असती तर घाबरून डॉक्टरकडे गेली असती. माझ्या बायकोने त्याला वारा समजून माझा नॉब फिरवला.

"तुझे हात चांगले होते," ती म्हणाली. "मी तुला चुकवत होते. आणि तू रायफल द्यायला निघालास."

"म्हणजे माझी एकही गोळी चुकली नाही? सगळ्या तू सांगितलेल्या जागी गेल्या? नोल, मग मी दक्षिण बेटावरचा सर्वांत चांगला नेमबाज आहे."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम, तोंड माझ्या कोटात खुपसून. मला फार भीती वाटली, ते इथे सांगून टाकतो. दुर्बिणीची नाही, स्पर्धेची नाही. ती मला बघू शकणार नाही याची.

मर्व्हने चहा आणून दिला. दुसऱ्या दिवशी त्यानेच गाडी काढून आम्हाला डनीडनच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, कारण माझ्याने स्टिअरिंग धरवत नव्हतं. हात खरंच थरथरले ते त्या दिवशी. डॉक्टरीणबाईंनी तिला चौकटी-चौकटींचा कागद दाखवून विचारलं, रेघा सरळ दिसतात का. मग म्हणाल्या, डोळ्यामागच्या पडद्यात गळती लागली आहे, आणखी उशीर झाला असता तर मधली नजर गेली असती. आता सुया घ्याव्या लागतील, डोळ्यातच. आहे तेवढं बहुतेक राहील. गेलं ते सगळं येणार नाही.

"कळलं कसं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "एका डोळ्याचं लोकांना लवकर कळत नाही."

"दुर्बीण घ्यायची होती," नोएलीन म्हणाली.

सुया तिने घेतल्या आणि चक्कर मला आली. दर खेपेला नर्स मला आधी खुर्चीत बसवायची आणि मग तिच्याकडे वळायची. हिवाळाभर तिने चटईचं नाव काढलं नाही. मीही रायफलीला तेल लावून ती कपाटात ठेवून दिली. वसंतात एका संध्याकाळी ती भांडी पुसताना म्हणाली, "ती लहान दुर्बीण. वाकलेल्या डोळ्याची. तीच घ्यायची."

"मर्व्ह म्हणतो साठपट..."

"मर्व्हला काय कळतं? साठपट मोठं केलं की हवेतली घाणही साठपट होते. मला वाऱ्याचं अंगण बघायचंय, कागदाचं विणकाम नाही. आणि डाव्या डोळ्याला नवी सवय लावायची तर मान तरी सुखात असू दे."

"आणि झेंडे? डावा भिंगाला लागला की झेंडे कोण बघणार?"

तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी. "तुझ्या तोंडात जीभ आहे ना? एवढी वर्षं ती चहा प्यायलाच वापरलीस. आता बोल."

जानेवारीत, भर उन्हाळ्यात, जोडीची पहिली स्पर्धा झाली. ऊन सणसणीत, झेंडे अर्धे उठलेले, आणि नवी दुर्बीण छोट्या तिवईवर माझ्या उजव्या कानाजवळ. क्लबातले सगळे काहीतरी काम काढून आमच्या मागे घुटमळत होते. नोएलीनने डावा डोळा लावला. मी रायफल खांद्याला घेतली आणि जन्मात पहिल्यांदा चटईवर परवानगीने बोललो.

"जवळचा झेंडा पडला. लांबचा उठलाय, उजवीकडे."

"किती उठलाय? नीट सांग, लाजू नको."

"अर्ध्याच्या वर."

ती झळ बघत राहिली. गोळी झाडण्याआधी इतका वेळ ती कधी लावत नसे. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग हात आला. नॉबवर टेकला, पण फिरला नाही.

"बेवन, मला खात्री नाही वाटत."

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "मी गप झाडणारा आहे."

नॉब फिरला. दोन खटके. मी श्वास सोडला आणि झाडलं. खंदकातल्या पोरांनी टारगेट खाली ओढलं, बराच वेळ ते खालीच राहिलं, आणि गोळी लागली त्या जागी पांढरी चकती लावून वर आलं. काळ्या गोलाच्या मधोमध नाही, पण नेमकी रेषेत खाली, वीतभर. वारा तिने अचूक पकडला होता. डावी-उजवी चूक बघणाऱ्याची, वर-खाली चूक झाडणाऱ्याची, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

नोएलीनने दुर्बिणीवरून डोळा काढला, सावकाश, आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "ही तुझी, म्हाताऱ्या."

"हो," मी म्हटलं, "माझीच." चुकल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. पुढची गोळी भरायची होती, पण समोरचं टारगेट मला जरा हलताना दिसत होतं, म्हणून मी डोळे पुसेपर्यंत थांबलो. तिने घाई केली नाही. तिचा हात नॉबवरच होता.