भात्याचा हात

आमच्या ह्यांचा उजवा हात गेला आणि घरातली पेटी गप्प झाली. अर्धांगाच्या झटक्यातून पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की मांडीवरच. पेटी वाजवतो उजवा हात, डावा नुसता भाता हलवतो. एकेकाळी ह्यांना, विद्याधर सामंतांना, साथीला न्यायला बोरिवलीपर्यंतचे लोक गाडी पाठवायचे. आता हे खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या बघायचे. "पळून जाणारेत का त्या?" मी ओरडायचे. उलटून एक शब्द बोलायचे नाहीत. मला तेच सहन व्हायचं नाही.

नात गार्गी खालच्या मजल्यावरच्या संघमित्राकडे पियानो शिकते. एकदा घरी कीबोर्डवर सराव चालला होता. उजवा हात झकास, डाव्याची रोजच्यासारखी वाट लागलेली. वैतागून म्हणाली, "आबा, डाव्या हाताचं तू वाजव ना! तुझा तर तोच चालतो." मी तिला फटकावणारच होते, तर हे चक्क हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा!

मग मी कसली ऐकते? दुसऱ्या दिवशी ह्यांना धरून खाली नेलं. संघमित्रा खूश झाली. म्हणाली, "काका, नाताळच्या सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम आहे. आजोबा-नात एकत्र वाजवा. फक्त बास क्लेफ वाचायला शिकावं लागेल. डाव्या हाताचे सूर त्यात लिहितात."

"वाचायचं कशाला? मी ऐकून वाजवतो."

आणि तिथेच घोळ झाला. ऐकून वाजवायचे म्हणजे गार्गीच्या मागून वाजवायचे. पेटीवाल्याचा जन्म गवयाच्या पाठोपाठ जाण्यात गेलेला. तिचा सूर आला की मग ह्यांचा, म्हणजे दर वेळी उशीर. संघमित्राने सांगितलं, "काका, इथे तिच्या मागे नाही जायचं. तुमचा सूर आधी हवा, त्याच्यावर ती वाजवते."

हे तणतणतच घरी आले. "मला साथ शिकवते ती!"

"शिकवणारच. येत नाही तर शिका. नाहीतर जा, बसा टाक्या बघत!"

खिडकीपर्यंत गेले, तसेच परत फिरले. मग म्हणाले, "सुहास, चष्मा दे."

संघमित्राने दिलेल्या कागदावर पाच रेघा, सुरुवातीला कानासारखं चिन्ह आणि त्याच्यापुढे दोन ठिपके. त्या ठिपक्यांच्या मधली रेघ म्हणजे एफ. "म्हणजे मध्यम?" हे विचारायचे. "एफ म्हणजे एफ, काका." ह्यांचा सा दर गवयागणिक सरकायचा, इथे काही म्हणून सरकत नव्हतं. मी जेवणाच्या टेबलावर खडूने पाच रेघा ओढल्या. वाटाणे सोलता सोलता एक दाणा रेघेवर ठेवायचा आणि विचारायचं, "बोला, हा कोण?" बरोबर सांगितलं तर दाणा पातेल्यात, चुकले तर तिथेच. सुरुवातीला कितीतरी दिवस उसळच झाली नाही. चिडायचे, दाणे उडवायचे, पुन्हा बसायचे. मीही सोडत नव्हते. हाही हात गप्प राहिला असता तर माणूसच गप्प राहिला असता, दुसरं काय?

कार्यक्रमाला हॉल भरला होता. दोघं एका बाकावर बसले आणि सुरुवात छान झाली. अर्ध्यावर गार्गीची बोटं थांबली. विसरली पोर! गवई थांबला की पेटीवाला मागचीच ओळ घोळवत बसतो. मला वाटलं, हे तसंच करणार आणि तिला कुठून धरायचं तेच कळणार नाही.

ह्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे कागदावर होते. त्या भात्याच्या हाताने पुढचा सूर वाजवला, मग त्याच्या पुढचा. हॉलमध्ये तेवढेच खालचे, जाड सूर ऐकू येत होते. उजवा हात मांडीवर होता. गार्गीने डोळे पुसले, कागदावर बोट फिरवून जागा शोधली आणि ती आली, बरोब्बर त्यांच्या सुरावर आली.

टाळ्या थांबेनात. मी पदर तोंडाला लावून हुंदके देत होते. हे काठी टेकत माझ्याजवळ आले. कपाळाला आठ्या.

"रडतेस काय गं? ठिपक्यांच्या खालच्या रेघेवर एकदा चुकलो मी. घरी वाटाणे आहेत का?"

"आहेत हो," मी म्हटलं, "चांगले किलोभर आहेत."